शुक्राच्या जागेवरचा दिवा

सीमेवरच्या त्या पोस्टवर आमचा दहाएक जवानांचा एक सेक्शन होता. मी हवालदार, हिमायतनगरचा. एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, लान्स नायक मिलिंद, शिरूर अनंतपाळचा. आमचे जिल्हे शेजारी, म्हणून पलटण आम्हाला भाऊच समजायची. भांडायचोही तसेच.

पहाटे उजाडायच्या आधी रोज स्टँड-टू. म्हणजे प्रत्येकाने हत्यार घेऊन मोर्च्यात उभं राहायचं, कारण हल्ला बहुतेक त्याच वेळी होतो. त्या हिवाळ्यात समोरच्या डोंगरावर एक पांढरा दिवा दिसू लागला. आम्ही वर कळवत राहिलो. अखेर सरकारी तपासणी पथक आलं, दुर्बिणी लावून बसलं आणि निकाल देऊन गेलं: हा शुक्र आहे, देशाच्या सुरक्षेला धोका नाही. निकाल बरोबरच होता. पण आमची अशी चेष्टा झाली की शेजारच्या पोस्टवाले वायरलेसवर शुक्राची खुशाली विचारायचे. पाठोपाठ हुकूम आला की ओळख पटल्याशिवाय कुठल्याही उडत्या वस्तूवर गोळी चालवायची नाही. वरच्यांचंही खरं होतं. लांडगा आला रे, असं रोज ओरडणाऱ्याचं कोण ऐकणार?

आम्ही त्या दिव्याला सरावलोय, हे पलीकडच्यांनी हेरलं असणार.

त्या पहाटे आभाळ गच्च भरलेलं. एक चांदणी नव्हती. दिवा मात्र जागेवर होता. जनरेटर चालू असल्याने दुसरा आवाज कळत नव्हता. मिलिंद म्हणाला, "साहेब, समदं आभाळ झाकलंय. मग शुक्र कुठून दिसायलाय?"

मी सेट उचलला. वरून उत्तर आलं, "पहचान पक्की करो. ओवर."

"सर, बत्ती बादल के नीचे है. ओवर."

"वेट. आउट."

तोवर दिवा आमच्याकडे सरकू लागला होता. तो ड्रोन होता. पहिला बॉम्ब लंगरवर, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरावर पडला. स्टँड-टू उठल्यावरचा चहा ठेवणारा कुक जागेवरच गेला. त्याला ओढायला धावलेल्या जवानाचं पोट फाटलं. तो आतडी हातांनी धरून खाली बसला आणि बसल्या बसल्याच संपला. चहा अन् रक्त एकाच उतारावरून माझ्या बुटांपर्यंत आलं. लंगरमागे मॉर्टरच्या गोळ्यांचा साठा होता. पुढचा बॉम्ब तिथे पडला असता तर आमच्यातलं कोणी उरलं नसतं.

सेटवर अजून शांतता होती. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "फायर." मोर्च्याच्या फटीतून एलएमजी आभाळाकडे वळत नव्हती, म्हणून तो गन घेऊन बाहेर उघड्यावर आला आणि उभ्यानेच अख्खी मॅगझीन रिकामी केली. ड्रोन त्याच्या डोक्यावर फुटला. त्यातला उरलेला बॉम्ब त्याच्या पायाशी पडला.

मी पोचलो तेव्हा त्याचा उजवा पाय मांडीपासून नव्हता. मी पट्टा आवळला, पण रक्त थांबेना. मला इतका राग कधीच आला नव्हता, आणि तो कोणावर काढायचा तेही कळत नव्हतं.

"पडलं का ते?" त्याने विचारलं.

"पडलं, मिलिंदा."

"मग कळवा वर. वळख पटली म्हणावं."

त्यानंतर तो बोलला नाही. उजाडल्यावर हुकूम बदलला. आता संशय आला की पाडा, असं ठरलं.

मी पेन्शनवर आलो त्याला काही वर्षं झाली. आता आमच्याकडे कुठे ड्रोन दिसला की चोर आले समजून गावकरी काठ्या घेऊन बाहेर पडतात आणि मला विचारायला येतात. आधी नीट बघा, एवढंच मी सांगतो.

दरवर्षी शिरूर अनंतपाळला जातो. मिलिंदच्या आईच्या घरात बुद्धाच्या मूर्तीशेजारी त्याचा वर्दीतला फोटो आहे. मावशींना कोणीतरी सांगून ठेवलंय की पोरगा हुकूम मोडून मेला. यंदा त्यांनी मला समोर बसवून विचारलंच.

"खरं सांग बाबा. माझ्या लेकानं हुकूम मोडला का?"

"न्हाई मावशी," मी म्हणालो. "फायर मीच म्हणालो होतो. हुकूम होता ओळख पटल्यावर मारा. त्याला पटली होती. वरच्यांना नंतर पटली."