साबणाचा आळ

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांवर मी चारचौघांत आळ घेतला, की त्यांनी आमच्या ट्रॅक्टरच्या तेलात साबण मिसळला. तो आळ खोटा होता. तो खोटा असल्याचे मला त्याच हिवाळ्यात कळले, आणि कळल्यानंतरही मी कित्येक वर्षे गप्प राहिलो. माणूस रागाच्या भरात चुकीचे बोलतो, हे समजण्यासारखे आहे. मी मात्र राग उतरल्यावर, सगळे नीट ठाऊक असताना, गप्प बसलो होतो.

हा ट्रॅक्टर चाकांचा नव्हे. पोलादी साखळ्यांवर चालणारा, माझ्या जन्माआधी बनलेला. आमच्याकडे त्याला चेनचा ट्रॅक्टर म्हणतात. बाबांनी तो लाकडाच्या डेपोवरच्या लिलावात घेतला होता. जंगलात सागाचे ओंडके ओढण्यात त्याचे तारुण्य गेले. आमच्या दारी आल्यावर तो धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरे, सपाट करू लागला, बोड्या खोल करू लागला. शेताच्या वरच्या अंगाला पाणी साठवायला जे लहान तळे असते, ती बोडी. ट्रॅक्टरच्या पुढचे रुंद पाते वायरच्या दोराने उचलले जाई. दोर मागच्या रहाटावर गुंडाळला जाई आणि कप्प्यांवरून पुढे येई. दोराने पाते वर ओढता येते, पण खाली दाबता येत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात बोडीचा तळ वाळून कडक झाला, की पाते नुसते वरून घासत जाई.

भाऊजींनी हे दोराचे तंत्र बाबांच्या हाताखाली आत्मसात केले होते. त्यांचे गाव आमच्या गावाला लागून आहे. इंजिन फिरवण्याचे लोखंडी हँडल बाबांनी हयातीतच त्यांच्या हाती दिले होते, माझ्या हाती नाही. मी वीज उपकेंद्रात नोकरीला होतो, यंत्रांतले मला कळत होते, तरीही नाही. बाबा गेल्यावर कागदोपत्री ट्रॅक्टर माझा झाला; लोक मात्र त्याला भाऊजींचाच ट्रॅक्टर म्हणत. ही गोष्ट मला बोचत असे, आणि बोचत नाही असे मी स्वतःला सांगत असे.

ट्रॅक्टरला हायड्रॉलिक बसवायचे ठरवले, ते कामाच्या सोयीसाठी. निदान मी तसे म्हणत होतो. आज वाटते, ज्या यंत्रावर भाऊजींचा हात बसला होता ते बदलून टाकावे, अशीही एक इच्छा त्यात दडलेली असावी. चंद्रपूरच्या भंगार बाजारातून मी मोडीत निघालेल्या लोडरचे, तेलाच्या दाबाने पाते उचलणारे आणि खाली दाबणारे दोन जॅक, पंप आणि लिव्हरचा व्हॉल्व्ह आणला. सूरजागडच्या खाणीतल्या लोहखनिजाचे ट्रक धावू लागल्यापासून त्या रस्त्यावर होज पाइपच्या टोकांना जोड दाबून बसवून देणारी दुकाने झाली आहेत. पाइप तिथून केले. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर पट्टा घालून पंप फिरवला, सीटच्या मागे तेलाची टाकी जोडली. भाऊजींनी सगळ्या कामात हात दिला, पण तोंड बंद ठेवले नाही.

"साळेबुवा, म्हाताऱ्याले नवे दात बसवून राह्यले तुमी," ते म्हणाले. "एक दिवस हे दात रुसन, मंग या वायरची याद येईन तुमाले."

आम्ही दोघेही हसलो. पुढे हेच वाक्य मी त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले.

मे महिन्यात आमच्याच शेतात चाचणी झाली. आजूबाजूचे शेतकरी पाहायला आले होते. पाते उचलले गेले, दाबले गेले, जमिनीत रुतले, आणि लोकांनी मान डोलावली तेवढ्यात एक पाइप जोडावरून निसटला. टाकीतले निम्मे तेल मातीत गेले. भाऊजी पाइप घेऊन मोटारसायकलने दुकानाकडे निघाले. तेल आणायला सांगावे हे मला ते गेल्यावर सुचले, आणि लोक तर थांबलेले होते. मी घरात गेलो. मोहाच्या बियांच्या तेलाचा डबा भरलेला होता. आमच्या घरी दिव्याला, अंगाला, कधी तळणालाही तेच लागते. उन्हाळ्यात ते पाण्यासारखे पातळ असते. तेल ते तेल, असा विचार करून मी तो डबा टाकीत रिकामा केला. भाऊजी परतल्यावर टाकी भरलेली पाहून त्यांनी विचारले, तेव्हा जास्तीचे तेल घरात ठेवले होते, असे मी सांगितले. पुढच्या आठवड्यात सगळे काढून नवे भरू, असे मनाशी ठरवले होते. ट्रॅक्टर सुरेख चालला आणि मी विसरलो. विसरणे सोयीचेही होते.

पावसाळ्यात ट्रॅक्टर छपराखाली उभा होता. धान कापून झाल्यावर एका शेतकऱ्याची बांधी मोठी करण्याचे काम मिळाले. उपकेंद्रातली माझी पाळी सकाळची असे, त्यामुळे सकाळी भाऊजी ट्रॅक्टर चालवत आणि दुपारनंतर मी जाई. पहिल्याच आठवड्यात भाऊजी म्हणाले, सकाळी पंप रडतो, पाते उचलत नाही, अर्धे उचलून थांबते. मी दुपारी लिव्हर ओढला. पाते अलगद वर गेले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांच्या हातात ट्रॅक्टर अडत होता, माझ्या हातात चालत होता.

शेताचा मालक म्हणाला, "मशीन मालकाले वळखते, भाऊ."

त्याने गंमत केली होती. मला मात्र ती दिवसभर पुरली.

उपकेंद्रात माझे काम काटे पाहण्याचे. काटा हलला की कारण शोधायचे, आणि कारण नेहमी कुठेतरी असतेच. ती सवय मी माणसावर लावली. भाऊजींनी जुना वायरचा दोर काढल्यावर फेकला नव्हता. तेल चोळून स्वतःच्या गोठ्यात टांगला होता. का? पंपाचा आवाज त्यांनी सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा शांत होता. का? टाकीच्या झाकणाला मी लाल दोरा बांधला, माझी स्वतःची गाठ मारून. दोरा जसाच्या तसा राहिला. यावरून टाकी कोणी उघडली नाही असा निष्कर्ष मी काढायला हवा होता. मी काढलेला निष्कर्ष असा, की त्यांनी माझी गाठ शिकून घेतली आहे. संशयाची हीच रीत मला पुढे ओळखू आली: त्याच्या बाजूने असलेली गोष्ट पुरावा होते, आणि विरुद्ध असलेली गोष्ट अधिकच मोठा पुरावा होते.

सुटीच्या दिवशी मी सकाळीच शेतावर पोहोचलो. धुके होते, गारठा होता. मी टाकीच्या तळाची, तेल गाळणारी जाळी बाहेर काढली. जाळीवर पांढरट, चिकट, मेणासारखा थर होता. शेताचा मालक आणि त्याचे मजूर जवळ आले. भाऊजींची थैली साखळीवर लटकत होती. मी न विचारता तिच्यात हात घातला. जेवणाच्या डब्याखाली साबणाची झिजलेली वडी होती.

"भाऊजी, हा साबण काऊन हाय थैलीत?"

"हात धुवाले," ते म्हणाले.

"अन् जाळीवर?"

त्यांनी जाळी हातात घेतली, बोटाने थर चोळला, वास घेतला. जळक्या डिझेलच्या वासापुढे दुसरा वास कळणे शक्य नव्हते. हे काय हाय, मले समजत नाई, असे ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिले, आणि प्रश्न कोणता आहे ते त्यांच्या ध्यानात आले.

"साळेबुवा, तुमी मले का म्हनून राह्यले?"

"तुमाले हे जॅक पहिल्यापासून पटले नाई. तेलात साबण तुमीच टाकले."

मजुरांपैकी कोणीतरी हसला. भाऊजींनी हँडल उचलून साखळीवर ठेवले, थैली खांद्याला लावली आणि बांधावरून चालू लागले. ते भांडले असते तर कदाचित मीही थोडा विचार केला असता. त्यांचे न भांडणे मी कबुली समजलो.

पुढच्याच आठवड्यात, एका सकाळी, बायको चुलीजवळ तेलाचा डबा धरून बसली होती. थंडीने तेल गोठले होते. ते पातळ व्हावे म्हणून ती डबा शेकत होती. मी आत डोकावलो. डब्याच्या कडेने पांढरट, चिकट, मेणासारखा थर होता. त्या क्षणी मे महिन्यातली दुपार मला जशीच्या तशी आठवली. सकाळच्या गारठ्यात मोहाचे तेल गोठून जाळीत अडके, पंपाला तेल मिळत नसे. ऊन चढले, इंजिन तापले, की ते विरघळे आणि माझ्या वाट्याला चांगला ट्रॅक्टर येई. बायकोने विचारले, काय पाहून राह्यले. मी काही नाही म्हणालो.

त्या दिवशी मी रजा टाकली. टाकी रिकामी केली, डिझेलने धुतली, जाळी बदलली, दुकानातले हायड्रॉलिक तेल भरले. दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टर सकाळीही चालू लागला. गावाने यातून काय घ्यायचे ते घेतले: जावई गेला आणि ट्रॅक्टर सुधारला. चूक मी दुरुस्त केली, आणि त्या दुरुस्तीनेच भाऊजींना दोषी ठरवले.

बहिणीचा फोन आला; तिला मी बाई म्हणतो. तिने एवढेच विचारले, "तुले पक्कं मालूम हाय का?"

खरे सांगण्यासाठी याहून सोपा प्रश्न कोणी मला विचारला नसता. मी म्हणालो, "आता चालून तर राह्यला ना, बाई."

तिने फोन ठेवला. त्या वर्षी आमच्या गावच्या मंडईला ती आली नाही. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, नाटके होतात, आणि लग्न झालेल्या लेकी त्या निमित्ताने माहेरी येतात. बाई दरवर्षी पहिली येत असे. पुढच्या वर्षीही ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आई असती तर तिने मला बसवून विचारले असते; ती नव्हती, याचाही मी फायदा घेतला. भाऊजींना ट्रॅक्टरवर, एक्स्कॅव्हेटरवर कोणी कामाला घेईना. हंगामात ते सिरोंच्याकडे मिरची तोडायला जातात, असे ऐकू येई. ऐकले, की मी विषय बदलत असे.

यंदाच्या उन्हाळ्यात भाऊजींच्या गावाने आपली बोडी खोल करायचे ठरवले आणि माझा ट्रॅक्टर मागितला. त्यांच्यातला एक वडीलधारा माणूस निरोप घेऊन आला होता. निघताना त्याने संकोचाने एक अट घातली: ड्रायव्हर तुमचा आणा, आमच्या गावातला नको, तुम्ही समजता. मी समजलो, आणि मान हलवली.

ट्रॅक्टर ट्रॉलीवर चढवून मी नव्या ड्रायव्हरबरोबर त्या गावी गेलो. बोडीच्या पाळीवर, तिच्या मातीच्या बांधावर, गाव जमले होते. भाऊजीही होते, मागे, कडुलिंबाच्या सावलीत. बोडीखाली त्यांचीही बांधी आहे. बाई बायकांमध्ये उभी होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती. काम सुरू करण्याआधी नारळ फोडायचा होता. कोणीतरी म्हणाले, या ट्रॅक्टरवर ज्याने उमर काढली त्याच्या हाताने फोडू द्या. त्यावर एक तरणा माणूस मोठ्याने म्हणाला,

"पहिले त्याचे खिसे पाहा, बे. साबण हाय का तं."

सगळे हसले. भाऊजीही हसले. त्यांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले, जणू हा खेळ त्यांनी अनेकदा खेळला होता आणि लवकर संपावा म्हणून कसा खेळायचा ते त्यांना ठाऊक झाले होते. बाई मात्र हसली नाही. तिने पदर ओठांवर धरला.

त्यांना उलटे खिसे दाखवताना पाहिल्यावर मला तिथे उभे राहणे शक्य झाले नाही. मी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितले. शांत झाले. माझा आवाज मुळात लहान. तो लोकांपर्यंत पोहोचावा म्हणून मी पाळीच्या मध्यावर जाऊन उभा राहिलो. आता सगळे माझ्याकडे पाहत होते, ज्या नजरा मी इतकी वर्षे दुसऱ्यावर राहू दिल्या होत्या त्याच नजरांनी. मी भाऊजींकडे तोंड केले.

"भाऊजी, त्या टाकीत साबण नव्हता. मोहाचं तेल होतं, अन् ते मीच टाकलो होतो. थंडीनं ते गोठत होतं. तुमाले हाकलल्यावर आठच दिवसांत हे मले समजलं होतं. मी टाकी धुतलो, अन् चुप बसलो. बाईनं विचारलं तरी खरं बोललो नाई. तुमचा काईच दोष नव्हता, हे मी साऱ्या गावासमोर सांगून राह्यलो. मले माफ करा, भाऊजी. बाई, तूही मले माफ कर."