सभापतीच्या घरात छापलेलं पत्र

माझा नवरा जळगावात साप्ताहिक काढायचा. मी चौथी शिकलेली, पण छपाईचे शिशाचे खिळे जुळवायला तेवढं पुरतं. दहा वर्षं त्यानं नगरपालिकेला झोडपलं, मग लोकांनी त्यालाच निवडून दिलं. तो पाणीपुरवठ्याचा सभापती झाला आणि घरातला छापखाना माझ्या अंगावर पडला.

वाचकांच्या पत्रांसाठी त्याचाच नियम होता. शब्द बदलायचा नाही, आणि छापण्याआधी लिहिणाऱ्याला बोलावून प्रूफ वाचून दाखवायचं. म्हणून त्या दुपारी मेहरूणची एक बाई मशीनजवळ बसली होती. पत्र तिनं शेजाऱ्याकडून लिहून घेतलं होतं. नळाला गटाराचं पाणी येतंय, गल्लीत सात जणांना कावीळ. मी वाचत होते तेवढ्यात नवरा आला. दारातच उभं राहून त्यानं सगळं ऐकलं.

"हे पुढच्या अंकात घे."

"उद्या सकाळी नळ येणार आहे," मी म्हटलं.

"इंजिनिअरला सांगतो मी. आतून काम लवकर होतं. हे छापलं तर माझं पद गेलं समज. मग पाइप कोण दुरुस्त करणार, तू?"

"इंजिनिअरला मागच्या आठवड्यातही सांगितलं होतंत."

बाई उठली. "भाऊ, मनी पोर दवाखानामा शे. बठ्ठी गल्ली तेच पाणी पेस. मत मांगाले उनात तवय मना घर पाणी पिनात. आते पेशात का?"

मतं मागायला आला तेव्हा तिच्या घरचं पाणी प्यालेला तो आता तिच्याकडे बघेना. मी जुळवलेलं पान मशीनवर चढवलं आणि ट्रेडलच्या पायपट्टीवर पाय ठेवला. त्यानं मशीनचं चाक धरलं.

"हात काढा."

"नाही काढला तर?"

"तर हातानं लिहून गल्लीत वाटेन. अक्षर वाईट आहे माझं, पण वाचता येतं."

बाई त्याच्या हाताकडेच बघत होती. माझा पाय दुखायला लागला तरी मी उचलला नाही. शेवटी त्यानं चाक सोडलं आणि चपला न घालताच बाहेर गेला.

अंक संध्याकाळी वाटला. सकाळी त्या गल्लीत कुणी हंडा लावला नाही. तिसऱ्या दिवशी पाइप खणला, सभापतीपद त्याआधीच गेलं होतं. महिनाभर आम्ही बोललो नाही.

पोर बरी झाली. त्या बाईच्या शेजारचा म्हातारा मात्र काविळीनं गेला. आदल्या आठवड्यात हीच तक्रार आली तेव्हा नवरा म्हणाला होता, थांब, आणि मी थांबले होते.