आत कोणीतरी आहे

नांदेडच्या एका कॉलेजात मी नोकरीभर तत्त्वज्ञान शिकवलं. देवाच्या अस्तित्वाचे युक्तिवाद हा माझा आवडता पाठ. एकेक युक्तिवाद आधी झकास उभा करायचा, पोरांना पटला असं वाटलं की पुढच्या तासाला पाडायचा. यात मला फार मजा यायची. घरी आलो की उरलेली मजा बायकोवर काढायचो.

एकदा तिला सांगितलं, "सर्वांत परिपूर्ण अशी एक वस्तू मनात आण. ती नुसती मनात असली आणि खरोखर नसली, तर तेवढी उणी पडली ना? म्हणजे परिपूर्ण नाहीच. म्हणून ती खरोखर असलीच पाहिजे. झाला देव सिद्ध."

ती नुकतीच आडवी झाली होती. म्हणाली, "मग मनातलाच चहा प्या आज. मी न्हाई उठत."

तो युक्तिवाद मी वर्गात बरीच वर्षं पाडत आलो होतो, पण इतक्या थोडक्यात कधी जमलं नाही.

ती गेली आणि मला कुलूप उघडायचा कंटाळा यायला लागला. कारण हसण्यासारखं आहे. तोवर मी बाहेरून आलो की दार उघडंच असायचं आणि आतून आवाज यायचा, "आले का?" आता भाजी घेऊन यायचं, पिशवी खाली ठेवायची, किल्ली शोधायची, आणि आत अंधार. मग मी एक युक्ती काढली. बाहेर पडताना बैठकीतली ट्यूबलाइट चालू ठेवायची. परत येताना गल्लीच्या तोंडाशीच खिडकीत उजेड दिसतो. धूर दिसला की विस्तव आहे असं ओळखावं, हे अनुमान मी पोरांना शिकवलेलं. त्याच चालीवर उजेड आहे म्हणजे आत कोणीतरी आहे. गेटपासून दारापर्यंत हे अनुमान छान टिकायचं. मग खिशात किल्ली हाताला लागायची.

जगाची रचना बघून रचणारा मानावा, या युक्तिवादाविरुद्ध मला इतका घरगुती दाखला नोकरीत असताना मिळाला असता तर!

तिचं वर्षश्राद्ध झालं आणि पाठोपाठ नवरात्र आलं. आमची कुलदेवी माहूरची. दरवर्षी घट तीच बसवायची. मी हार टांगायला स्टुलावर चढायचो, एवढीच माझी भक्ती. यंदा कोणी विचारलं नव्हतं, तरी मी घट बसवले. लोकांना सांगितलं, तिची पद्धत मोडायला नको. खरं कारण वेगळं होतं. घट बसले की घराला कुलूप लावायचं नाही आणि दिवा विझू द्यायचा नाही, असा आमच्याकडे नेम. म्हणजे नवरात्र सरेपर्यंत कुलपापासून सुटका. देवीला मी चक्क कुलपासाठी बोलावलं होतं.

पत्रावळीवर काळी माती पसरली, धान्य पेरलं, मध्ये घट ठेवला, शेजारी समई. तिसऱ्या दिवशी गहू वर आला, ज्वारी आली, मूग काही येईना. समोरच्या घरातले भाईसाब डोकावायला आले. बाजारातलं कापडाचं दुकान पोरांच्या हाती देऊन ते आता माझ्यासारखेच रिकामे आहेत. त्यांनी माती थोडी उकरली आणि माझ्याकडे बघितलं.

"सर, ही तर डाळ हाय."

"मुगाचीच आहे."

"हाव, पर डाळ कुठं उगवती का?"

मी त्यांना म्हणालो, देवीच्या मनात असेल तर उगवेल. ते इतके हसले की समई हलली.

अशात लातूरच्या एका कॉलेजातून फोन आला. व्याख्यान द्याल का? विषय, ईश्वराच्या अस्तित्वाचे युक्तिवाद. निवृत्तीनंतरचं हे पहिलं बोलावणं. मी इतक्या घाईनं हो म्हणालो की पलीकडच्या बाईंना तारीख सांगायलाच सवड मिळाली नाही. ती निघाली नवरात्रातलीच. आता दिवसभर घर कोणाच्या भरवशावर उघडं टाकायचं? ओळखीच्यांकडे विचारलं, तर ज्याच्या त्याच्या घरी घट. शेवटी भाईसाबच म्हणाले, "बेफिकीर जावा सर. मी बसतो ना. आमच्या घरात नातवंडं पेपर वाचू देत न्हाईत, तुमच्याकडं निवांत तरी वाचीन."

जायच्या दिवशी सकाळी लाइट नव्हती. करंट आला का ते बघायला मी बोर्डावरची बटनं दाबत सुटलो, घाईत काही वर केली, काही खाली राहिली. भाईसाबांना तेल कुठं, वात कुठं ते दाखवलं आणि बस गाठली.

लातुरात वर्ग निम्मा रिकामा होता, पण मी रंगलो. आदिकारणाचा युक्तिवाद काढला. दिवा दिव्यावरून लागतो, तो आणखी एका दिव्यावरून, मग सगळ्यांत पहिला कोणी लावला? वर्षानुवर्षं दिलेलं उदाहरण, पण या वेळी 'दिवा' म्हटलं की माझी जीभ अडखळायला लागली. तेल पुरलं असेल का? भाईसाबांचा डोळा लागला तर? मी पहिल्या दिव्यापाशी तीनदा आलो आणि तीनदा मागे फिरलो. शेवटी एक मुलगी उठली.

"सर, पर तुम्हाला काय वाटतं? देव हाय का न्हाई?"

या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर होतं, की वाटण्याचा प्रश्न नाही, युक्तिवाद टिकतो का तेवढं बघा. तोंडातून निघालं भलतंच. "मला चारची बस गाठायचीय. घरी घट बसलेत."

वर्ग खदखदून हसला. सरांनी काय विनोद केला, म्हणून बाईंनीही टाळ्या वाजवल्या. मीही हसून घेतलं.

स्टँडवरून भाईसाबांना फोन लावला. "दिवा?"

"जळून राहिला सर, जळून राहिला," ते म्हणाले. दोनदा म्हणाले, तिथंच मला शंका आली.

गल्लीत शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. खिडकीत उजेड. सवयीनं हात खिशात गेला, आणि गेट वाजल्याबरोबर आतून आवाज आला, "आले का सर?"

मी पायरीवर तसाच उभा राहिलो. पायात पेटका आला असं वाटून भाईसाब बाहेर धावले आणि मला धरलं. धरल्या हातानं त्यांनी कबुलीही दिली. दुपारी लाइट आली, पंखा गरकन फिरला आणि दिवा गेला. बटन मीच खाली ठेवून गेलो होतो.

"काडीपेटी मिळेना सर. मग आमच्या घरातल्या गॅसवरून पेटवून आणला. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही बसमधून उडी मारली असती. चालतं ना असं, देवीला?"

दिवसभर मी पहिला दिवा कोणी लावला म्हणून लातूरच्या पोरांचं डोकं खाल्लं होतं. माझ्या घरातल्या दिव्याचं आदिकारण समोरच्या स्वयंपाकघरातली शेगडी निघाली.

"चालतं," मी म्हणालो. "पळतं."

दसऱ्याला घट उठले आणि कुलूप पुन्हा खिळ्यावरून खाली उतरलं. चार-सहा दिवस रेटले. मग एका दुपारी भाईसाबांचं दार वाजवलं.

"जरा बाहेर जायचंय. घरी बसता का?"

ते बुचकळ्यात पडले. "घट उठले ना सर?"

"उठले."

"मग कुलूप लावून जावा की."

जन्मभर युक्तिवाद शिकवलेला माणूस मी, त्या वेळी माझ्याकडे एकही नव्हता. चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिलो. भाईसाबांनी माझ्याकडे बघितलं, आत जाऊन चष्मा आणि पेपर घेतला, आणि माझ्या घरात येऊन बसले.

आता मला बाहेर जाणं भाग होतं. काम काहीच नव्हतं. माणूस घरात असावा म्हणून मी स्वतः घराबाहेर पडलो होतो. अशी चूक एखाद्या पोरानं पेपरात केली असती तर मी लाल रेघ ओढली असती. दोन ठिकाणी चहा प्यालो. दोन्ही ठिकाणी समोरच्या बाकावर कोणी नव्हतं. अर्धापूरची केळी डझनभर घेतली. एकट्या माणसाला डझन म्हणजे निम्मी काळी पडणार, हे घेतल्यावर सुचलं. अंधारून यायची वाट बघितली आणि परतलो.

खिडकीत उजेड होता. मी गेट जरा जोरातच लावलं.

"आले का सर?"

"आलो, आलो."

केळी पुढं केली. त्यांनी एक सोललं, दुसरं माझ्या हातात दिलं. "उद्या कुठं जायाचं हाय?"

"उद्या ना? उद्या बँकेत."

"उद्या इतवार हाय सर."

मी केळं खात राहिलो. भाईसाबांनी चष्मा डबीत ठेवला, पेपराची घडी केली आणि ती माझ्याच टेबलावर ठेवून दिली.

"मग जरा उशिरा येतो," ते म्हणाले.