चिंचही सात, चुनाही सात

पीएच मीटरचा इलेक्ट्रोड चुलीच्या राखेनं घासायचा नसतो, हे मला नोकरीच्या सहाव्या महिन्यात कळलं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मूल गावाजवळच्या सरकारी भात-फार्मवर मी हंगामी मदतनीस होतो. मातीचा आंबटपणा मोजायचं तिथलं यंत्र म्हणजे एक पेटी, पेटीवर काटा, आणि वायरीनं जोडलेल्या दोन काचेच्या कांड्या. त्या कांड्या म्हणजे इलेक्ट्रोड. सोमवारी नागपूरचे मोठे साहेब येणार होते. त्यांच्यापुढे यंत्र चालवून दाखवलं तर नोकरी पक्की, नाहीतर मी परत बाबांसोबत भात रोवण्याच्या चिखलात! म्हणून एक कांडी उजळायला घरी आणली. (कुणाला विचारून? कुणालाच नाही. मॅट्रिक झालो होतो ना मी!)

"लय नाजूक दिसते जी," बायको म्हणाली. "राखेनं घासू का खरंच?"

"घास! काच आहे, साखर नाई विरघळाले."

ती बिचारी बोटानं हळूहळू घासत होती. "असं नाई, आण इकडं!" म्हणून मी जोर लावला. टक्! कांडीच्या टोकाचा काचेचा फुगा राखेत पडला.

पण मी हटणारा नव्हतो. बाबा गुरुवारी आत्याकडे नागपूरला निघाले होते. त्यांना म्हटलं, "तिथून नवीन कांडी आणा."

"फुटकी दे ना संगं. दुकानदाराले दाखवतो."

"नाई नाई! कशी फुटली म्हणून विचारलं त्यानं, तर काय सांगाल?"

आता बाजारातून कुणाच्या चपला आणायच्या, तर खराट्याची काडी पायाला लावून तेवढीच तोडून न्यायची, ही आमच्याकडची रीत. मी काडी इलेक्ट्रोडला लावली, टचकन तोडली, जाडीसाठी कांडीभोवती दोरा गुंडाळून तेवढाच तोडला आणि काडी-दोरा बाबांच्या हातात दिला.

"अन् वायरीचं तोंड कसं पायजे?" बाबांनी विचारलं.

"तोंड कशाले पायता? लांबी-जाडी जमली का झालं!"

शनिवारी बाबा कांडी घेऊन आले. काडीला लावून पाहिली, तंतोतंत! फक्त टोकाला फुगा नव्हता.

"काऊन रे, बोंड नाई याले?"

"नवीन मॉडेल आहे, बाबा. बोंडच नाई तर फुटन काय?" मी खुशीत सांगितलं.

रविवारी फार्मवरची पेटी घरी आणली. नव्या वायरीचं तोंड पेटीच्या भोकात बसेना. भोक मोठं, तोंड बारीक. मी विळ्यानं जुन्या कांडीची वायर तोडली आणि नव्या वायरीला पीळ देऊन बांधली. (जुन्या वायरीत आत एक तार, बाहेर तारांची जाळी. मी सगळ्यांना एकत्रच पिळलं. घरात एकी पाहिजे!)

पाण्यात कांड्या बुडवल्या. काटा सातावर! चोख पाण्याला सातच यायला हवेत, एवढं मला ठाऊक होतं. मी अंगणात नाचलोच! मग फार्मच्या बत्तीस बांध्यांची, म्हणजे भातखाचरांची, माती एकेक करून मोजली. सात, सात, सात.

"चिंचेचं पाणी पाहा ना जी," बायको म्हणाली.

सात.

"चुन्याची निवळी?"

सात!

"तुमच्या मशीनले सर्दी झाली काय जी? चवच नाई समजून राह्यली त्याले!"

"तुझी चिंचच जुनी आहे," मी ठणकावून सांगितलं.

सोमवारी साहेबांपुढे मी ताठ उभा राहिलो. "सर, आपल्या फार्मची सगळी माती सात आहे!"

साहेबांनी शिपायाकडून लिंबू मागवलं, पेल्यात पिळलं, कांड्या बुडवल्या. सात. त्यांनी चष्मा काढून कांड्या पाहिल्या, मग वायरीचा पीळ पाहिला, मग मला पाहिलं.

"अहो, एक कांडी आंबटपणा ओळखते, दुसरी फक्त तिच्या सोबतीला असते. तुम्ही दोन्ही सोबतीणीच लावल्यात! फुग्याची कुठे गेली?"

मी राखेपासून काडीपर्यंत सगळं सांगितलं. लाजेनं मान वर होईना. साहेब मात्र हसता हसता खुर्चीला धरून बसले. मग त्यांची नजर माझ्या बत्तीस पुड्यांवर गेली. प्रत्येक बांधीची माती वाळवून, चाळून, वर नाव लिहून ओळीनं मांडलेली.

"हे सगळं एकट्यानं केलंत?"

"हो सर. सात येत होते म्हणून हुरूप आला."

साहेबांनी तिथल्या तिथे कागद ओढून शेरा लिहिला : "माणूस चिकाटीचा आहे, कायम करावा. यंत्राला हात लावू देऊ नये."

नोकरी पक्की झाली! निवृत्त होईपर्यंत मी बियाण्याच्या गोदामात होतो. तिथे फुटण्यासारखं काहीच नव्हतं. होती ती एक चिमणी, कंदिलाची. ती पुसायला शिपाई येत असे.