मामाने डोळे मिटले तेव्हा

माझा मामा फरश्या बसवतो आणि संशय घेतो. दोन्हींत हात चांगला बसलाय. दूधवाला हसून बोलला की मामा आधी दुधात बोट बुडवून बघतो. फोटोतसुद्धा त्याचे डोळे कधी मिटलेले नसतात. म्हणतो, "मिटले की कोणीतरी काहीतरी उचलून नेतं."

नव्या भुयारी रेल्वे स्टेशनात मामाने पिवळ्या टाइल्स बसवल्या. अंधांसाठीची वाट ती. पायाखाली उंच रेषा लागल्या की सरळ चालायचं, ठिपके लागले की थांबायचं, पुढे वळण आहे. सोमवारी अंध मंडळी ती चालून तपासणार होती. चूक निघाली तर पुढच्या स्टेशनाचं काम मामाला नाही, असं सुपरवायझरने बजावलं होतं. आदल्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना स्टेशन बघायला बोलावलं, म्हणून मामी आणि मी गेलो.

सरकता जिना निपचित पडला होता. आम्ही जवळ जाताच चालू झाला.

"बघितलंस? दबा धरून बसला होता," मामा म्हणाला.

"अहो, वीज वाचवतो तो," मामी म्हणाली.

"कोणासाठी?"

खाली फलाटाच्या कडेला काचेची भिंत होती. गाडी आली की गाडीची आणि भिंतीची दारं समोरासमोर उघडतात. मामा म्हणाला, "एवढं जुळतं म्हणजे दोघांचं आतून काहीतरी ठरलेलं आहे." छतातल्या झरोक्यांतून गार वारा येत होता. "आणि जमिनीखाली फुकट हवा? कोण देतं हो हल्ली?" मी एक भुवई वर करून हे वाक्य त्याच्याच आवाजात परत म्हटलं. मामी कठड्याला धरून हसली. मामाने वळून पाहिलं तर मी लगेच भोंग्यातली बाई झालो: "प्रवाशांनी कृपया संशय घेऊ नये."

मामा हसला नाही. वर प्रवेशद्वारापाशी परत आलो तरी त्याचं लक्ष पिवळ्या वाटेवरच होतं.

"काल सुपरवायझर इथे घुटमळत होता. पुढच्या कामाला आपल्या मेव्हण्याला चिकटवायचंय त्याला. माझी एखादी टाइल उपटली असणार." जमिनीवर नजर रोवून तो तीनदा चालून आला. सगळं जागच्या जागी होतं.

"डोळे मिटून चाला की," मामी म्हणाली.

"कशाला?"

"वाट केलीत कोणासाठी?"

मामाने मुकाट चपला काढून मामीच्या हातात दिल्या. "नीट धर." मग डोळे मिटले. प्रवेशद्वारापासून रेषांवर पाय घासत निघाला. वाट उजवीकडे लिफ्टकडे वळली, मामा मात्र सरळ गेला आणि खांबावर आपटला.

"खांब सरकवलाय!"

"हो तर. रात्रीतून चालत आला बिचारा," मामी म्हणाली.

कपाळ चोळत मामा गुडघ्यांवर बसला. तळव्याने टाइल्स चाचपल्या. वळणावर नुसत्या रेषा होत्या. ठिपके होते वळणाच्या पलीकडे, लिफ्टच्या बाजूला. फरशीवाला उलटा सरकत काम करतो, ताज्या टाइलवर पाय पडू नये म्हणून. मामा लिफ्टकडून मागे मागे सरकत आला होता. त्याला ठिपके आधी लागले, मग वळण. येणाऱ्या माणसाला वळण आधी लागणार, आणि ठिपके कधीच नाहीत.

आजवर त्याने फक्त एकाच माणसावर संशय घेतला नव्हता: स्वतःवर.

गप्प बसला असता तरी चाललं असतं, निदान सोमवारपर्यंत. पण तो उठला आणि ज्याच्यावर सगळ्यात जास्त संशय होता, त्या जिन्यापाशी उभ्या सुपरवायझरकडेच गेला. "साहेब, माझं चुकलंय."

सुपरवायझरने येऊन वळणावरच्या टाइल्स पाहिल्या, मग मामाच्या कपाळावरचं टेंगूळ पाहिलं. "किती वेळ लागेल?"

"तीन तास."

"मग बसलात काय? छन्नी मी आणतो."

मामा माझ्या कानाशी लागला. "हा एवढा गोड का बोलतोय?"

टाइल्स बदलल्या, सिमेंटचा मसाला सुकला. मामा पुन्हा डोळे मिटून निघाला. ठिपक्यांवर थांबला, वळला, लिफ्टच्या दाराला हात लावला. मग सुपरवायझरकडे बोट केलं.

"आता तुम्ही चाला."

सुपरवायझरने हसत डोळे मिटले. मामा त्याच्या शेजारून वाकून चालत होता, तो पापणी किलकिली तर करत नाही ना, हे बघत.