समुद्रात चालणारा डांगी

ब्रह्मदेवानं सृष्टी घडवताना आमच्या चुलत सासऱ्यांचा सल्ला घेतला असता, तर जगात एकही अडेल बैल जन्माला आला नसता, आणि माणसांतलीही निम्मी त्यांनी फाटकातूनच परत पाठवली असती. काष्टीच्या बाजारात ते शिरले की खोटं वय सांगून आणलेले बैल आपणहून तोंड मिटून घेत, असं म्हणतात. दात मोजायचं काम इतरांचं. हे नुसत्या रवंथाच्या आवाजावरून वय सांगत. एका व्यापाऱ्यानं तर बैलाची तारीफ करता करता यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि मध्येच थांबून बैलाची खोड स्वतःच सांगून टाकली. त्यांच्या पुतणीसाठी मला पसंत करायलाही हेच आले होते. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत मला दोनदा चालवून पाहिलं आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "चाल पसरट हाय, पन लाथ मारनार न्हाई. द्या पोरगी." त्या एका शिफारशीवर माझा संसार आजवर चालला आहे.

मग घरोघरी ट्रॅक्टर आले. चुलत सासऱ्यांना सगळं गाव मामा म्हणतं; आधी परगावची माणसं बैल पारखायला मामांना न्यायला यायची थांबली, मग गावातली. एकानं नवा ट्रॅक्टर मुद्दाम त्यांच्या ओट्यासमोर उभा केला आणि म्हणाला, "मामा, ह्याचे दात बघता का?" मामांनी ट्रॅक्टरला सावकाश एक फेरी मारली, चाकाला पायानं ढोसलं आणि म्हणाले, "दात हायेत, इमान न्हाई. डिझेल संपलं की मालकाला वळखत न्हाई ते." लोक हसले. मामा हसले नाहीत. "माझा डोळा म्हातारा झाला न्हाई," ते मला म्हणाले. "बघायला काय तरी आना, मग दावतो."

बघायला मी आणली बोट. कॉलेजातला माझा एक मित्र कोकणातल्या कोळ्याच्या घरचा. हौशी लोकांना दोन-दोन दिवस खोल समुद्रात गळ टाकायला न्यायचं, आणि तेही शिडाच्या बोटीनं, असं त्यानं ठरवलं होतं. तीन जुन्या बोटी त्यानं हेरल्या होत्या आणि तिन्हींत त्याचं मन अडकलं होतं. मी गमतीनं ही गोष्ट मामांना सांगितली. ते उठून आत गेले आणि फेटा बांधूनच बाहेर आले.

"मामा, ती बोट आहे."

"वझं घिऊन जातं ना? मग जनावरच. चला."

मामांच्या ओट्यावर रोज बसणाऱ्या मंडळींनी तर कहर केला. "मामा, येताना शिंगं धरून आना!" मामा टेम्पोत बसता बसता ओरडले, "तुमच्या बापांचे बैल मीच निवडले हुते! बाप गेले, बैल टिकले!"

बंदरावर काळा चष्मा लावलेला एक दलाल उभा होता. त्यानं मामांचा फेटा वरून खाली न्याहाळला. "काका, समुद्र कधी पाहिलाय का?"

"आजच बघतोय. तुमी दुष्काळ बघितलाय का?"

दलालाचा चष्मा नाकावरून घसरला.

पहिली बोट पांढरीशुभ्र, सडपातळ, उंच डोलकाठीची. मामा म्हणाले, "खिलार हाय. शर्यतीला न्या, मिरवनुकीला न्या. खोल पान्यात बुजंल." दुसरीला नुकताच निळा रंग दिला होता. मामा तिच्या पोटावरून तळहात फिरवत निघाले आणि एका जागी थांबले. "हितं अंग थंड लागतं." मित्रानं तिथं सुरीचं टोक लावलं, तर लोण्यात जावं तसं ते कुजक्या फळीत गेलं. दलाल अचानक फोनवर बोलू लागला. फोन उलटा धरला होता.

तिसरी बोट रुंद, बसकी, बोथट नाकाची. तिच्याकडं कुणी बघतही नव्हतं. मामा मात्र तिच्यासमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "राजूरकडचा डांगी." घाटमाथ्याच्या पावसात, गुडघाभर चिखलात दिवसभर ओढणारा, दिसायला ओबडधोबड तो बैल. पण मामांनी लगेच होकार दिला नाही. "रिकामं जनावर समदंच चांगलं चालतं. जुपा." ओल्या वाळूची पोती चढवली. सहा खलाशी एका कडेला उभे केले, आणि एकदम मागं सरायला सांगितलं. पांढरीवर हेच करून पाहिलं, तेव्हा ती कितीतरी वेळ डुलत राहिली होती. ही एकदा कलली, सावकाश सरळ झाली आणि गप्प उभी राहिली. मग मामा स्वतः बोटीत चढले आणि विहिरीवर पाणी शेंदायला वाकावं तसे कडेवरून वाकले. "गुडघा कडेला टेकतो. मासा वढताना मानूस पडायचा न्हाई. घ्या."

एवढं बोलून त्यांनी दुपारचं जेवण समुद्राला परत केलं आणि तोंड पुसत दलालाला म्हणाले, "आमी कुनाचं ठिवून घेत न्हाई."

एक म्हातारा तांडेल इतका वेळ लांबून बघत होता. आयुष्यभर मासेमारीच्या होड्या हाकलेला माणूस. तो जवळ आला आणि त्यानं मामांना तंबाखू दिली. मामांनी ती अशी घेतली, जणू पदवीच.

मित्रानं तीच बोट घेतली, आणि नवी शिडं चढवून ती पहिल्यांदा निघाली तेव्हाही आम्ही गेलो होतो. निवडलेलं जनावर मामा नेहमी स्वतः कासरा धरून मालकाच्या दारापर्यंत चालवत नेत. ही मात्र वारा भरल्याबरोबर पाठ फिरवून निघाली. मामांनी जिभेनं च्यक च्यक केलं, आणि ठिपका दिसेनासा होईपर्यंत हात वर धरून उभे राहिले.

परवा मित्राचा फोन आला. खोल पाण्यात वादळी वाऱ्यानं गाठलं होतं. शीड फाटलं, पण बोट सगळ्यांना घेऊन सुखरूप आली. मी तडक गावी जाऊन ओट्यावरच्या मंडळींसमोर हे सांगितलं.

"मग?" मामा अख्ख्या आळीला ऐकू जाईल असे गरजले. "मी काय सांगत हुतो?"

मंडळी पांगल्यावर मात्र त्यांनी मला जवळ बोलावलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "जावईबापू, आजून कुनाला बोट बघायची असंल तर सांगा. मी मोकळाच हाय."

तेव्हापासून कोकणातला माणूस भेटला की मी आधी त्याचं नाव विचारत नाही. बोट घ्यायची आहे का, ते विचारतो.