फडका आणि शाल

आमच्या कोचसरांना किळस फार यायची. इतर माणसांना राग येतो, कंटाळा येतो. यांना सरळ किळस यायची आणि ती चेहऱ्यावर लपवता यायची नाही. मुख्य अतिथींच्या परिचयातलं ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’ ऐकलं की त्यांचं नाक असं आक्रसायचं, जणू कुणी नासलेल्या दुधाचं पातेलं त्यांच्यापुढे धरलंय. दुर्दैवानं तो परिचय बहुतेक वेळा मीच वाचत असे. मी मराठी शिकवत होते, आणि मराठी शिकवणाऱ्या बाईंनी सूत्रसंचालन केलंच पाहिजे, असा आमच्या संस्थेचा समज होता. क्रीडा समितीवरही मला घेतलं होतं. तिथे सूत्रसंचालनाचंच काम जास्त होतं.

आमचं कॉलेज भाईंदर पूर्वेला, खारीच्या पुढे, मिठागराच्या भरणीवर उभं होतं. बास्केटबॉलचं कोर्ट उघड्यावरचं, सिमेंटचं. जमीन आपला जुना धंदा विसरली नव्हती; सिमेंटच्या भेगांतून मिठाची पांढरी भुकटी वर यायची. मुली सरावाआधी ती झाडायच्या आणि मागून कोचसर फडका मारत यायचे. हा फडका कायम त्यांच्या डाव्या खांद्यावर असे. कधीकाळी तो पंचा असावा. त्याला घामाचा, रबराचा आणि फिनेलचा असा एकत्र वास यायचा की स्टाफरूममध्ये त्यांच्याशेजारची खुर्ची कायम रिकामी असे. मला स्वतःला त्या फडक्याची किळस यायची, हेही सांगून टाकते.

सर नागपाड्याच्या बास्केटबॉलच्या मैदानांवर घडलेले. तरुणपणी एका सरकारी खात्याच्या संघातून खेळले, गुडघा गेल्यावर शिकवायला लागले, आणि मुंबईत घर परवडेना म्हणून आमच्याकडे आले. बोलायला अत्यंत वाईट. मुलींना ते ‘ए नंदीबैल’ म्हणत, प्राचार्यांना ‘अहो’ म्हणत, आणि कौतुकाचा त्यांच्याकडे एकच शब्द होता: ‘बरं’. तोही वर्षातून क्वचित. एकदा मी म्हटलं, “सर, मुलींना जरा शाबासकी देत जा.” तर म्हणाले, “मॅडम, शाबासकी द्यायला संस्थेनं माणसं ठेवलीत ना? ती स्टेजवर बसतात. मी खाली असतो.”

पण त्यांची खरी किळस राखून ठेवलेली होती ती नारळासाठी. भाईंदरला नुकतीच महानगरपालिका झाली होती, त्यामुळे मुख्य अतिथींचा तुटवडा नव्हता. कोणतीही स्पर्धा असो, पाहुणे बुटांसकट कोर्टाच्या मधल्या वर्तुळात जायचे, तिथे शिपायानं ठेवलेल्या दगडावर नारळ फोडायचे आणि टाळ्या घेऊन सावलीत जायचे. मागे राहायचं ते पाणी. नारळाचं पाणी सिमेंटवर आधी निसरडं असतं, मग चिकट होतं, आणि संध्याकाळी त्याला मुंग्या लागतात. एका वर्षी त्यावरून घसरून पाहुण्या संघातल्या मुलीचं मनगट मोडलं. तिला परीक्षेला लेखनिक घ्यावा लागला. संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनी तिला पुष्पगुच्छ पाठवला.

त्यानंतर कोचसर अध्यक्षांकडे गेले. नारळ फाटकाशी फोडावा, एवढीच विनंती होती. अध्यक्ष म्हणाले, “सर, पूजन कोर्टाचं ना? मग कोर्टावरच नको का?”

“देवळात नारळ गाभाऱ्यात फोडतात का साहेब? बाहेर फोडतात. आत लोकांना चालायचं असतं.”

अध्यक्ष हसले आणि विषय बदलला. नारळ मधल्या वर्तुळातच फुटत राहिला. सर फडका घेऊन गुडघ्यावर बसत राहिले. मुली त्यांना पाठीमागे ‘फडका सर’ म्हणत.

त्या मुलींत दर्शना होती. गोडदेवची, आगरी घरातली. आजोबांचं मिठागर होतं, वडील टेम्पो चालवायचे. सरांनी तिला पहिल्या वर्षाला बघितलं ते पाण्याची बादली एका हातानं जिन्यावरून वर नेताना. “खेळणार का?” विचारलं, तर म्हणाली, “मला काय येत न्हाय.” सर म्हणाले, “ते उत्तम. आधीचं काही पुसायला लागणार नाही.” तिसऱ्या वर्षी ती कप्तान झाली. घरी तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. बापाचं म्हणणं साधं होतं: विद्यापीठाच्या संघात आली, तर पुढे खेळाच्या कोट्यातून नोकरी बघू, नाही आली, तर मार्च संपला की लग्न. आणि विद्यापीठाचे निवड करणारे गृहस्थ तिचा खेळ बघणार होते तो एकाच सामन्यात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या विभागातला अंतिम सामना, आमच्या कोर्टावर, डिसेंबरात.

सामना तीनला होता. पाहुणे आले नव्हते. ते वरसाव्याच्या पुलावर अडकल्याचा निरोप आला. आमचे सगळेच पाहुणे वरसाव्याच्या पुलावर अडकायचे. वाटेत तो पूल न लागणारे, मीरा रोडला राहणारेसुद्धा. मुलींनी अंग गरम केलं, ते गार झालं, पुन्हा गरम केलं. मी माईकवर पाहुण्यांचं जीवनचरित्र लांबवत होते. ते शालेय शिक्षणापर्यंत आलं होतं, आणि त्यापुढे फारसं नव्हतं. कोर्टावर दिवे नव्हते. सामना उजेडात संपला नाही तर निकाल नाणं उडवून, असं आधीच ठरलेलं होतं. निवडीचे गृहस्थ घड्याळ बघू लागले. चार वाजून गेले. रिंगच्या सावल्या कोर्टाबाहेर पोचल्या.

दर्शना बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. “सर, आता कधी?” तिनं विचारलं.

सर जागेवरून उठले. ते माझ्याकडे आले.

“मॅडम, माईक बंद करा. पोरींना शिट्टी ऐकू यायला पाहिजे.”

“पाहुणे?”

“ते खेळणार आहेत का?”

मी माईक बंद केला. इतक्या आनंदानं मी तो त्यापूर्वी कधी केला नव्हता.

सामना सुरू झाला. दर्शना कशी खेळली हे मला सांगता येणार नाही. मला त्या खेळातलं कळत नाही. एवढं दिसलं की निवडीचे गृहस्थ खुर्ची पुढे ओढून बसले. तिसरा डाव चालू असताना फाटकाशी गाड्यांची दारं वाजली. पाहुणे, अध्यक्ष, हार घेतलेला एक, तबकात नारळ घेतलेला एक आणि नुसतेच आलेले चार-पाच, असे सगळे सवयीनं सरळ कोर्टावर चालत आले. दर्शना बॉल घेऊन रिंगकडे निघाली होती, ती मधेच थबकली. पंचांनी शिट्टी मारली. पाहुण्यांना वाटलं, ती स्वागताची असावी. त्यांनी हात जोडले.

कोचसर जागेवरून हलले नाहीत. तिथूनच पंचांना म्हणाले, “सर, कोर्टावर दहाच्या वर माणसं आहेत. जास्तीची बाहेर काढा.”

अध्यक्ष म्हणाले, “अहो, पाहुणे आहेत.”

“असतील. कुठल्या टीमचे?”

कुणीतरी हसलं. पाहुणेही जरा हसल्यासारखे झाले, कारण दुसरं काय करणार? मंडळी कडेला गेली. नारळ त्या दिवशी फाटकाजवळ फुटला. त्या कोर्टाच्या इतिहासातला तो पहिलाच. सामना अंधार पडता पडता संपला. आम्ही हरलो. निवडीचे गृहस्थ दर्शनाकडे गेले, तिचं नाव, वर्ष, उंची विचारली. ते गेल्यावर ती सरांसमोर येऊन उभी राहिली. 

“डावा हात अजून येत नाही तुला,” ते म्हणाले. मग फडका झटकला आणि म्हणाले, “बरं.”

दर्शना विद्यापीठाच्या संघात गेली. मार्च संपला, लग्न झालं नाही. मार्चमध्येच अध्यक्षांनी कोचसरांना चहाला बोलावून क्रीडा विभागाची पुनर्रचना होत असल्याचं सांगितलं. पुनर्रचना म्हणजे अध्यक्षांचा भाचा. त्याची व्यायामशाळा होती आणि त्याला वाकून नमस्कार करता येत असे.

आमची संस्था ज्याला काढते त्याचा सत्कार करते. एप्रिलमधल्या एका दुपारी कोर्टावरच स्टेज घातलं. मांडववाल्यानं खांब सिमेंट फोडून रोवले. सोबत रिंगमागच्या नव्या बोर्डांचं अनावरण होतं. त्यांवर अध्यक्षांच्या वडिलांचं नाव रिंगपेक्षा मोठ्या अक्षरांत होतं. मधल्या वर्तुळात नारळ फुटला. ‘क्रीडा विभागाचा आधारस्तंभ’ हे मीच वाचलं. सरांनी नाक आक्रसलं. अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, ती फडक्यावरूनच. कारण फडका काढा असं सांगायची हिंमत कुणाची झाली नाही. दोन शब्द बोला म्हटल्यावर सर माईकपाशी आले. “चार वाजता प्रॅक्टिस आहे. खांबांचे खड्डे बुजवून घ्या,” म्हणाले आणि खाली बसले.

लोक अल्पोपाहाराकडे गेले. मी फुलं गोळा करत होते. सर मधल्या वर्तुळात गुडघ्यावर बसलेले दिसले. दर्शना बादली घेऊन आली.

“सर, राहू दे ना. मी हाय.”

“तू बॉल काढ.”

त्यांनी अंगावरची शाल काढली, तिचा बोळा केला आणि नारळाचं पाणी पुसायला लागले. शालीनं पाणी शोषलंच नाही. ती चकचकीत कापडाची होती. तिनं ते नुसतं इकडून तिकडे पसरवलं. सरांनी दोनदा प्रयत्न केला. मग ती उचलून, निथळवून, उजेडात धरून पाहिली. इतकी निखळ किळस मी त्यांच्या चेहऱ्यावरही कधी पाहिली नव्हती.

“बघा मॅडम. पुसायच्या पण कामाची नाही.”

त्यांनी खांद्यावरचा फडका घेतला आणि दोनदा फिरवून वर्तुळ कोरडं केलं. उठताना गुडघ्याला हात लावला. मग शालीची व्यवस्थित घडी घालून ती माझ्या हातात दिली.

“ठेवून द्या. पुढच्या सत्काराला होईल.”

नंतर ते कॉलेजच्या आवारात परत आले नाहीत. दर्शना सांगायची की मीरा रोडला एका सोसायटीत मुलांना शिकवतात, आणि तिथेही सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात.

शाल मी तशीच, न धुता, वाळवून कपाटात ठेवली होती. जूनमध्ये नव्या कोचचं स्वागत ठरलं तेव्हा मीच ती तबकात ठेवली. परिचयही मीच वाचला. त्यात ‘बहुआयामी’ होतं. नव्या कोचनं वाकून नमस्कार केला आणि शाल कार्यक्रम संपेपर्यंत अंगावरून काढली नाही. मान मात्र सारखी खाजवत होते.